रविवारी खेळलेला गोलकीपर

आमच्या गावात शेवटी सगळंच एका माणसावर येऊन ठेपलं होतं. फुटबॉल टीमचा गोलकीपर तोच, आणि वडिलांनंतर चर्चमधलं गाणं चालवू शकेल असा माणूसही तोच. त्याच्या जागी उभं करायला ना मैदानावर कोणी होतं, ना चर्चमध्ये. तो आमचा शेजारी. त्याला मासे धरता यायचे, ट्रॅक्टर दुरुस्त करता यायचा आणि न बोलता तासभर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसता यायचं. एकाच वेळी दोन ठिकाणी मात्र त्याला असता येत नव्हतं, आणि गावाला नेमकं तेच हवं होतं.

गाव म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या एका बेटावरची, रस्त्याच्या कडेनं विखुरलेली घरं. निम्मी बंद. मी मूळची मिरजेची. ग्लासगोच्या हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट होते. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचा प्रयत्न करणं, हे माझं काम. बेटावर जागा निघाली तेव्हा नवरा म्हणाला, "घेऊन टाक. माझं ऑफिस इंग्लंडात रीडिंग गावाला असलं काय नि चंद्रावर असलं काय, आय जस्ट नीड ब्रॉडबँड. तुला शांतता हवीच होती." आलो. ब्रॉडबँड बरा निघाला, आणि शांतता इतकी की ती अंगावर यायला लागली.

शेजारच्या म्हाताऱ्यांना आम्ही घरात 'बुवा' म्हणायचो. त्यांना ते कधी कळलं नाही. कारण असं की पहिल्याच हिवाळ्यात मी कुतूहल म्हणून त्यांच्या चर्चमधल्या गॅलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतल्या, प्रार्थनेला जाऊन बसले, आणि तिथे आमच्या गल्लीतल्या भजनासारखंच काहीतरी चाललेलं होतं. बुवा पुढे बसलेले. ते एकटेच स्तोत्राची एक ओळ गायचे, आणि ती संपायच्या आत मागचे सगळे ती उचलायचे. पण टाळ नाही, मृदंग नाही, पेटी नाही, ठेका म्हणून काही नाहीच. प्रत्येक जण तीच ओळ आपापल्या चालीनं वळवत न्यायचा, कोणी पुढे, कोणी मागे, आणि तरी सगळं मिळून एकच गाणं व्हायचं. माझा हात सवयीनं मांडीवर ताल धरायला गेला. शेजारच्या बाईंनी त्या हाताकडे असं पाहिलं की मी तो कोटाच्या खिशात घातला आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

देवाशी माझं फारसं जमत नाही. पण त्या गाण्यानं मला रडवलं, आणि का रडले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यानंतर मी जात राहिले. मला ना कोणी बोलावलं, ना कोणी हाकललं.

बुवांची ओळ सगळ्यांत आधी उचलायचा तो त्यांचा मुलगा, तोच गोलकीपर. पुढच्या बाकावर बसून तो सुरुवात करायचा आणि त्याच्या आधारानं बाकीचे यायचे. बुवा थकले की ओळ देण्याचं काम त्याच्याकडे जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. त्यासाठी दर शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी चाले. मी एकदा रिकामी ताटली परत द्यायला गेले तर बाप-लेक टेबलाशी समोरासमोर बसून गात होते. चाल चर्चमधलीच, पण शब्द कानाला वेगळे लागले. मी विचारलं. मुलगा हसून म्हणाला, "काळ्या गाईचं आहे. ती दूध देत नाही आणि वर लाथ मारते." मला वाटलं हे थट्टा करतायत. पण थट्टा नव्हती. स्तोत्राचे शब्द देवासमोर म्हणायचे, सराव करताना वापरायचे नाहीत, अशी त्यांच्याकडची जुनी रीत. सरावात माणूस चुकतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. देवाच्या शब्दांची अशी ओढाताण करायची नाही. म्हणून सरावासाठी गाय, मेंढरं, गळकं छप्पर असले काहीतरी शब्द चालीवर बसवलेले असायचे. त्याला सगळ्या चाली त्या काळ्या गाईवरच पाठ होत्या.

बुवा सोवळे होते, पण संत वगैरे नव्हते. तरुणपणी ते स्वतः गावाच्या टीमकडून खेळले होते आणि मुलाच्या प्रत्येक मॅचला हजर असायचे. इथे फुटबॉल उन्हाळ्यात, कामाच्या दिवशी संध्याकाळी खेळतात. उजेड लांबपर्यंत असतो. मैदान समुद्राला लागून, वाळूवर वाढलेल्या गवताचं. बॉल बाहेर गेला की कुत्री धावतात. बुवा गोलच्या मागे कोटाच्या खिशात हात घालून उभे राहायचे. मॅचभर तोंडातून शब्द नाही. घरी गेल्यावर मात्र मुलाची अशी हजेरी घ्यायचे की आमच्या कुंपणापर्यंत ऐकू यायचं. मुलगा त्यांना उलट बोलायचा नाही. गॅलिकमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. तो चाळिशीचा बाप्या वडिलांना शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिला. आमच्या पिढीत मिरजेतसुद्धा ते सुटलं होतं.

मग त्या उन्हाळ्यात टीम चक्क फायनलला पोचली. समोरची टीम मेनलँडची, म्हणजे समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरची, मॅच मेनलँडवरच, शनिवारी. मोजून अकरा जण आणि दोन राखीव, त्यातला एक शाळेतला शिक्षक, ज्याचा गुडघा त्याच्यापेक्षा आधी रिटायर झाला होता. पण गावात इतका उत्साह मी आधी कधी पाहिला नव्हता. बंद घरांच्या खिडक्यांनासुद्धा कोणीतरी टीमच्या रंगाचे कापडी तुकडे बांधले. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शुक्रवारी वारा सुटला, शनिवारची बोट रद्द झाली. शनिवारी संध्याकाळी मी शेजारी अंडी आणायला गेले होते. बाप-लेक शिकवणीला बसले होते तेवढ्यात फोन वाजला. टीमच्या मॅनेजरचा होता. आयोजकांकडे मैदान फक्त दुसऱ्या दिवशी मोकळं आहे. सकाळची बोट जाणार आहे. मॅच उद्या.

उद्या रविवार होता.

बेटाबाहेरच्या वाचकाला इथे काय अडलं ते कळणार नाही म्हणून सांगते. या गावात रविवार देवाचा. त्या दिवशी कोणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही. लाकूड तोडत नाही, गवत कापत नाही. मैदानाला कुलूप वगैरे काही नसतं, तरी पोरं तिकडे फिरकत नाहीत. हे हळूहळू सैल होत चाललंय, बोटही आता रविवारी सुटते, पण बुवांच्या घरात काही सैल झालं नव्हतं.

बुवांनी शांतपणे विचारलं, "उद्या वार कोणता?"

"माहीत आहे मला."

"मग?"

"मी नाही गेलो तर गोलमध्ये कोणी नाही. टीम परत उभी राहायची नाही."

"आणि तू गेलास तर?" बुवा म्हणाले. ते चर्चबद्दल बोलत होते. पुढच्या बाकावर पहिला आवाज कोणाचा, हे ते विचारत होते. मी अंडी घेऊन निघाले. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग देवाला सांग ना रिशेड्यूल करायला." मी त्याच्यावर उगीच ओरडले. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मला हसू येत नव्हतं.

मुलगा गेला. आठ जण गेले, पाच राहिले. मेनलँडवरच्या कोणा ओळखीच्यांना आयत्या वेळी उभं करून त्यांनी अकरा पुरे केले, आणि हरले. तो म्हणे मॅचभर अंगावर बॉल घेत राहिला. इकडे चर्चमध्ये बुवांनी नेहमीप्रमाणे ओळ दिली, आणि ती उचलायला क्षणभर कोणीच आलं नाही. मग दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी ती कशीबशी धरली. बुवांनी सगळी कडवी पुरी केली. आवाज एकदाही ढळला नाही. त्यांची मान लाल झालेली मला मागच्या बाकावरून दिसत होती. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि त्यातलं जास्त काय होतं ते मला ठरवता आलं नाही.

त्या दिवसापासून बुवा मुलाशी बोलेनासे झाले. घर एकच, चूल एक, टेबल एक. मुलगा फिश फार्मवरून यायचा, बटाटे उकडायचा, दोन ताटल्या मांडायचा. बुवा डोळे मिटून प्रार्थना म्हणायचे, खायचे आणि उठायचे. शनिवारची शिकवणी बंद. मुलगा चर्चमध्ये यायचा, पण शेवटच्या बाकावर, माझ्या रांगेत. तिथून तो ओळ उचलायचा नाही. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, तू विचार ना त्यांना. सरळ जाऊन विचार, मी पुन्हा पुढे बसू का." तो म्हणाला, "त्यांनी सांगायला हवं." बुवांना काही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती, पण त्यांच्याशी बोलून आलेले चर्चमधले एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, बुवा म्हणतात, त्यानं विचारायला हवं. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ एकाच घरात होते.

पुढच्या उन्हाळ्यात टीम उतरलीच नाही. त्या रविवारचा शाप लागला असं काही जण म्हणाले. मला विचाराल तर चार पोरं ग्लासगो आणि ॲबर्डीनला निघून गेली, दोघांना बोटींवर काम मिळालं, एवढीच गोष्ट. ती पोरं तो रविवार पाळूनसुद्धा गेलीच असती. मैदानावरचं गवत वाढलं. म्हणजे ज्याच्यासाठी तो सगळं पणाला लावून गेला ते एक वर्षही टिकलं नाही. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि मी ते त्याच्यासमोर काढलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बुवांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. बेटावर शेजारी नसलेला पेशंट मिळणं कठीण असतं, त्यामुळे तेही माझ्याच वाट्याला आले. नवरा म्हणाला, "अगं, त्यांच्यात पडू नकोस हं तू. इट्स अ फॅमिली मॅटर."

"पडू नकोस काय? ही इज माय पेशंट!"

"म्हणून तर म्हणतोय."

बुवांना समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं, पण स्वतःचा शब्द जुळत नव्हता. चमचा समोर धरला की तोंड हलायचं, चेहरा ताणला जायचा आणि एक घोगरा आवाज यायचा. कधी गॅलिक, कधी इंग्लिश, कधी कुठलंच नाही. हो-नाहीचाही घोळ होता. अशा पेशंटांचं बऱ्याचदा होतं, मनात हो असतं आणि मान नाही म्हणते. पण ज्यांना बोलता येत नाही त्यांना पुष्कळदा गाता येतं, हे माझ्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्याच भेटीत मी त्यांच्या उशाजवळचं स्तोत्रांचं पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि त्यातली एक चाल गुणगुणले. बुवांनी डाव्या हातानं पुस्तक मिटलं. मी पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा मिटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मिरजेच्या शाळेतली पोर झाले.

मुलगा दारात उभा होता, फिश फार्मचा पिवळा रबरी पोशाख अंगावर तसाच. म्हणाला, "सराव आहे ना हा. सरावाला ते शब्द नाही चालायचे."

मग मी म्हटलं, "ठीक आहे. गाय आण."

त्यानं मला काळ्या गाईची पहिली ओळ सांगितली. मी ती मोडक्यातोडक्या उच्चारात सुरू केली. अर्ध्यावर माझा आवाज कोणीतरी बाजूला सारल्यासारखा झाला. बुवा गात होते. शब्दांसकट, पूर्ण ओळ, सरळ छपरापर्यंत जाणारी. ती संपायच्या आत दारातल्या माणसानं ती उचलली. सवयीनंच, त्याला स्वतःलाही कळलं नसावं. त्या रविवारनंतर बाप-लेकांमध्ये गेलेला तो पहिला आवाज. मी खिडकीकडे तोंड केलं आणि भरपूर रडले. पेशंटसमोर रडायचं नसतं, हे मी शिकाऊ मुलींना नेहमी सांगते.

त्यानंतर मी बुवांच्या भेटी मुद्दाम मुलाच्या वेळेला लावल्या. बुवा ओळ द्यायचे, तो उचलायचा. गाय, मेंढरं, गळकं छप्पर. चालीत शब्द यायचे, चाल थांबली की शब्द थांबायचे. मी अशा शब्दांवरून हळूहळू बोलण्याकडे न्यायचा प्रयत्न केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. तरी मला आशा वाटायला लागली होती. मी नवऱ्याला म्हटलंही, की बुवा नाही बोलले तरी हे घर बोलायला लागलंय. खोलीबाहेर मात्र काही बरं चाललेलं नव्हतं. बुवा पडल्यापासून गॅलिक प्रार्थनेला ओळ द्यायला कोणी नव्हतं. दुसऱ्या गावातले एक गृहस्थ अधूनमधून यायचे, तेही डोळ्यांमुळे गाडी चालवायचे बंद झाले. चर्चच्या मंडळींनी शेवटी मुलाला विचारलं. रविवारच्या त्या मॅचचं त्यांनी काही काढलं नाही. त्यांना आता कोणीतरी हवा होता. मुलगा म्हणाला, "ते हो म्हणाले तर."

एका दुपारी माझ्यासमोरच त्यानं विचारलं. बाहेर पाऊस खिडकीवर आपटत होता. त्यानं आधी हात धुतले, शर्ट बदलला, मग पलंगाजवळ गुडघ्यावर बसला. तोपर्यंत मला एवढं गॅलिक कळायला लागलं होतं. तो म्हणाला, तुम्ही परवानगी द्याल तर मी पुढे बसेन. तुमच्या जागी. देवाचे शब्द घेऊन.

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले. मग त्यांनी मान हलवली. नाही.

त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मी त्याच्या मागे गेले. मी म्हटलं, "हे बघ, ती मान खरी धरू नकोस. आत्ता तासाभरापूर्वी मी त्यांना विचारलं, बाहेर पाऊस पडतोय का, तर त्यांनी अशीच मान हलवली. तुमचं नाव हेच ना म्हटलं, तरी अशीच. त्यांच्या हो-नाहीला सध्या काही अर्थ नाही."

तो किटलीत पाणी भरत होता. म्हणाला, "त्यांची ही मान मी लहानपणापासून बघत आलोय."

"तू माझं ऐक."

"ऐकतोय," तो म्हणाला, आणि त्यानं तीन कपांत चहा केला.

पुढच्या भेटीला मी एकटी गेले. बरोबरची खूण आणि चुकीची खूण अशी दोन कार्डं बुवांसमोर मांडली आणि तोच प्रश्न शक्य तितक्या सोप्या शब्दांत विचारला. मुलानं ओळ द्यावी का? त्यांनी आधी एका कार्डावर बोट ठेवलं. मी खात्री करायला पुन्हा विचारलं तर दुसऱ्यावर ठेवलं. मग दोन्ही कार्डं ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या माणसाच्या आत काय होतं ते मला काढता आलं नाही. इतकी वर्षं हेच काम करून मला जे एक उत्तर हवं होतं तेच मिळालं नाही. मी गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटला, त्यानं हातच दुखला.

वसंत संपायच्या आत त्यांना दुसरा स्ट्रोक आला आणि ते गेले.

अंत्यविधीला सगळं बेट लोटलं होतं. मिनिस्टर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, तात्पुरता नेमलेला, मेनलँडवरचा तरुण, सालस आणि गॅलिकचा गंधही नसलेला. त्याला वाटलं, एवढा मोठा गाणारा माणूस, त्याला गाण्याशिवाय निरोप कसा द्यायचा. त्यानं कुठूनतरी एक जुनं रेकॉर्डिंग मिळवलं होतं. चर्च भरलेलं असायचं त्या काळात कोणी अभ्यासक येऊन करून घेऊन गेले होते ते. चर्चच्या मंडळींना ते बिलकूल आवडलं नव्हतं, पण दुसरा उपाय कोणाकडे होता? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मिनिस्टरनं शवपेटीजवळच्या टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवला आणि बटण दाबलं.

बुवांचा आवाज आला. तरुण, भरदार. त्यांनी ओळ दिली, आणि त्या स्पीकरमधून शेकडो माणसांनी ती उचलली. त्यातली बहुतेक आता चर्चमागच्या दफनभूमीत होती. जिवंत माणसं बाकांवर हात मांडीत घेऊन ऐकत बसली. कोणी तोंड उघडलं नाही. रेकॉर्डिंगबरोबर गायचं की नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. एक म्हातारी बाई ओठ हलवायला लागली आणि इकडेतिकडे बघून थांबली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतकं भयंकर मी त्या चर्चमध्ये काही ऐकलं नव्हतं, आणि ते इतकं सुंदर होतं.

दुसऱ्या ओळीवर मुलगा उभा राहिला. काळा सूट, मानेवर नुकतेच कापलेले केस. "बंद करा ते," तो म्हणाला. मिनिस्टरनं घाबरून बंद केलं.

मग सगळं चर्च त्याच्याकडे बघायला लागलं. आता तो देणार, असं प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, दे रे, दे. पुढचे म्हातारे श्वास घेऊन तयार होते. त्यानं तोंड उघडलं. चाल त्याला येत होती, शब्द समोर पुस्तकात छापलेले होते. तो शवपेटीकडे बघत राहिला. मग तोंड मिटलं आणि खाली बसला. मिनिस्टरनं उरलेलं स्तोत्र इंग्लिशमधून वाचून दाखवलं.

शवपेटी इथे माणसं हातांनी उचलून नेतात, दोन रांगांत, आळीपाळीनं पुढे सरकत. आमच्या गावाच्या रांगा पुरल्या नाहीत, शेजारच्या गावांतली माणसं आली. मी रस्त्यावर बायकांबरोबर थांबले.

आठवड्यानं तो आमच्या दारात आला. पिकअपमध्ये बुवांचा वॉकर, उंच केलेली खुर्ची आणि माझी कार्डं होती, हॉस्पिटलला परत करायची. मी त्याला आत बोलावलं. तो उंबऱ्यावरच थांबला. पुढच्या रविवारपासून प्रार्थना फक्त इंग्लिशमध्ये होणार, हे त्याच सकाळी चर्चबाहेर लागलं होतं. ते आम्ही दोघांनी वाचलं होतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोललं नाही.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्यांची मान खरी धरू नको."

"हो."

"त्यांनी होकारार्थी मान हलवली असती, तरी तुम्ही हेच सांगितलं असतंत?"

मला खोटं बोलता आलं असतं. ते त्याला कळलं असतं.

"हो," मी म्हणाले. "तरी हेच सांगितलं असतं."

त्यानं मान डोलावली. "म्हणजे मी विचारलं तेव्हा उत्तर मिळण्यासारखं राहिलंच नव्हतं. आधीच विचारायला हवं होतं. बोलता येत होतं तेव्हा." तो पिकअपकडे वळला. "एकाच टेबलावर जेवत होतो आम्ही."

मग त्यानं वॉकर भिंतीला टेकवला, खुर्ची उतरवली आणि कार्डं माझ्या हातात दिली.